कॅमेऱ्याच्या वर्गणीबद्दल

चि. बापू यास,


तुझा मोबाइलवरचा निरोप ऐकला. आवाज पाठवायची सोय चांगली आहे, पण मला उत्तर द्यायचं तर कागद लागतो. बोलताना मी भरकटतो. लिहिताना निदान कुठे भरकटलो ते दिसतं. तर तुझं म्हणणं असं, की पावसानं उघडीप दिल्यापासून संत्र्याच्या बगीच्यांतून पंपाच्या केबली चोरीला जाताहेत, एकाची पाण्याची मोटार गेली, एका गोठ्यातून शेळ्या सोडून नेल्या, आणि आता तुमच्या ग्रामरक्षा समितीनं गावात कॅमेरे लावायचं ठरवलंय. घरटी वर्गणी आहे. तू विचारतोस, द्यायची का?

दे. पण कॅमेरे बसले म्हणजे काम झालं असं समजून झोपू नका. कॅमेरा लागेल चौकात आणि पंचायतीच्या दारावर. केबल जाते नाल्याकाठच्या वावरातून, जिथं खांबावर दिवासुद्धा नाही. आणि चौकातला कॅमेरा फार तर काय दाखवेल? रात्री दोन वाजता तोंडाला दुपट्टा बांधून मोटारसायकलवरून गेलेली दोन पोरं. तशी पोरं आपल्याकडे दिवसासुद्धा तोंडाला दुपट्टा बांधूनच फिरतात.

आधी ही चोरी नीट बघ. मोटारीची केबल कापणारा चालू लाइनवर हात घालत नाही. थ्री-फेज केव्हा येते, केव्हा जाते, या आठवड्यात दिवसाची पाळी आहे की रात्रीची, हे त्याला ठाऊक असतं. कोणत्या बगीच्यात राखणदार झोपतो आणि कुणाचं कुत्रं परवा मेलं, हेही. बाहेरून आलेल्या आणि कंपनीच्या मागं भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला हे आपोआप कळत नाही. कळलं असेल, तर गावातल्या कुणी सांगितलं म्हणून. केबल दोन्ही टोकांना कापतात, गुंडाळून नाल्यात नेतात, जाळतात. सकाळी त्या जागी काळी राख दिसते आणि जळक्या रबराचा वास दुपारपर्यंत जात नाही. तिथं जाऊन बघ, बाजूला बिडीची थोटकं आणि पाणीपाऊच पडलेले असतील. म्हणजे घाई नव्हती. कुणी येणार नाही याची खात्री होती.

उरतं ते तांबं. ते किलोवर विकलं जातं. चोराच्या हाती काही शेकडे लागतात. शेतकऱ्याचे हजारो जातात, आणि पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच असतं. आंबियाचा बहार धरलेला, झाडांचा ताण तोडून पाणी सुरू केलेलं, आणि ऐन त्या दिवसांत आठ दिवस मोटार बंद. फुलगळ झाली की वर्षाचं पीक गेलं. चोराला मिळालेल्या एका रुपयामागं शेतकऱ्याचे किती बुडाले, याचा हिशेब ठाण्यातल्या कागदावर येत नाही. तिथं लिहितात फक्त केबलची किंमत.

म्हणून मी पहिला प्रश्न चोराचा नाही, गिऱ्हाइकाचा विचारतो. जळकं तांबं घेतो कोण? कुणी घेतलंच नाही, तर नाल्यात जाळायला जाईल कोण? चोरीचा माल माहीत असून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत त्याचं कलम ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१७ आहे. तुमच्या समितीनं एक दिवस काढून आजूबाजूच्या सगळ्या भंगारवाल्यांची बैठक घ्यावी, बरोबर बीटचा हवालदार घ्यावा, आणि चहा पाजून सांगावं की जळकं तांबं आणणाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, आधारची झेरॉक्स वहीत ठेवा. दमदाटी नको. भंगारवालाही पोटासाठीच बसलेला आहे. त्याला सरळ धंद्याची वाट दाखवली तर तो वाकड्या वाटेला सहसा जात नाही. आणि शक्य त्या शेतकऱ्यांनी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल टाकावी. कॅमेऱ्याच्या निम्म्या वर्गणीत यातलं बरंच होईल.

आता तुझ्या निरोपातलं दुसरं वाक्य. ‘आबाजी, सगळ्यांना माहीत आहे कोण आहेत ते, गावाबाहेर पाल टाकून बसलेत तेच.’ बापू, हे वाक्य मी तुझ्या वयापासून ऐकतो आहे. आणि ते आपलं नाही, इंग्रजांचं आहे. १८७१ साली त्यांनी एक कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कागदावरून गेला, ठाण्याच्या आणि गावाच्या डोक्यातून गेला नाही. चोरी झाली की आधी पारध्याचा पोरगा उचलायचा, मग तपास. त्यातून दोन गोष्टी होतात. त्या पोराला काम कुणी देत नाही, म्हणजे आपणच त्याला एका वाटेवर ढकलतो. आणि खरा चोर, जो बहुतेक वेळा गावातलाच आणि बऱ्या घरचा असतो, तो निवांत राहतो.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा उभी केली. जिल्हा परिषदेतली शिक्षकाची नोकरी सोडून, भीक मागणारी, स्टेशनवर फिरणारी मुलं गोळा करून आणली. शाळेचं नावच बघ. आणि पुढं समृद्धी महामार्ग आला, तो या शाळेच्या आवारातूनच गेला, त्यात बांधलेलं पाडलं गेलं. विकास हा शब्द तू निरोपात पुन्हा पुन्हा वापरलास म्हणून हे मुद्दाम सांगतो. विकासाचा रस्ता कुणाच्या अंगणातून जातो, तेही बघावं लागतं.

गरिबी आली की चोरी आली, असं सरळ गणित मी मांडणार नाही. आपल्या सातपुड्यातली किती गावं बघ. दाराला कडी नाही आणि चोरीही नाही. पण हात अचानक रिकामा झाला की माणसं घसरतात, एवढं खरं. डेव्हिड ब्लेकस्ली आणि राम फिशमन या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या देशातल्या जिल्ह्यांचे पावसाचे आणि गुन्ह्यांचे जुने आकडे शेजारी ठेवून पाहिले. पाऊस दगा देतो त्या वर्षी गुन्हे वाढतात, आणि मारामाऱ्यांपेक्षा चोऱ्या-दरोडे जास्त वाढतात. सहकारी सोसायटीत खातेवहीवर बसून मला हेच वेगळ्या तऱ्हेनं दिसायचं. गारपिटीच्या वर्षी कर्जाचे हप्ते थकायचे, त्याच वर्षी गावात भांडणंही जास्त, आणि सालदार आगाऊ पैसे घेऊन पळून गेल्याच्या तक्रारीही जास्त.

तिकडे अमेरिकेत शिकागो शहरात रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ३४३ वस्त्या तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. सारख्याच गरीब दोन वस्त्या. एकीत खूनखराबा, दुसरीत शांतता. फरक कशानं? तर शेजारी एकमेकांवर किती विश्वास ठेवतात, आणि दुसऱ्याचं पोरगं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभं दिसलं तर त्याला हटकायला किती जण तयार असतात, यानं. आपल्या गावात हे हटकणं कुणी शिकवावं लागत नव्हतं. आता हटकलं तर पोराचा बापच भांडायला येतो.

हे दोन्ही धागे, हाताला काम आणि शेजाऱ्याचा धाक, एकत्र विणलेलं गाव बघायचं असेल तर हिवरे बाजारला जा. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. मोटारसायकलवर जाऊ नकोस, रेल्वेनं नगरला उतर. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव पार मोडलं होतं. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, तोही वाहून जाणारा. जमीन होती, पाणी नव्हतं. मग माणसं हातभट्टी लावायला लागली, कारण पाण्याशिवाय निघणारं तेवढंच पीक होतं. दारू आली, भांडणं आली, मारामाऱ्या आल्या. या गावात बदली म्हणजे शिक्षा, असं सरकारी नोकर समजायचे. १९८९ मध्ये पोपटराव पवार हा एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण बिनविरोध सरपंच झाला.

पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाणलोटाची कामं, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई, ऊस-केळीला मनाई, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, ती पुढे ३ वर आली. पुण्या-मुंबईला गेलेली घरं परत आली. हे सगळं भाषणात येतं. भाषणात न येणारी एक बारकी गोष्ट तुला सांगतो, कारण मी सोसायटीचा माणूस आहे आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. गावात दारूचे २२ अड्डे होते. ते बंद केले तेव्हा ग्रामसभेनं बँक ऑफ महाराष्ट्रशी बोलणी करून गरीब कुटुंबांना कर्जं मिळवून दिली, आणि त्या कर्जदारांत कालपर्यंत हातभट्टी लावणारेही होते.

थांब आणि यावर विचार कर. आपण काय करतो? भट्टी पकडतो, पिंप फोडतो, गूळ-मोहाचा सडवा नाल्यात ओततो, फोटो काढतो. पंधरा दिवसांनी तोच माणूस दुसऱ्या नाल्यात भट्टी लावतो. कारण त्याची उद्याची चूल कशी पेटणार, हे आपण त्याला विचारलेलं नसतं. हिवरे बाजारनं ते विचारलं. आणि ज्या बँकेचा मॅनेजर असल्या माणसाला दारात उभा करत नाही, तिथं गावानं त्याच्यासाठी शब्द टाकला. गावानं शब्द टाकलेला माणूस तो शब्द सहजी मोडत नाही; कर्ज बुडवलं तर बँक चार कोस दूर, पण शेजारी दारात. मी सोसायटीच्या वसुलीत आयुष्य काढलं. जप्तीच्या नोटिशीनं जेवढं वसूल झालं, त्याहून जास्त शेजाऱ्याच्या एका वाक्यानं झालं.

राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ ला परतले, तिथंही आधी दारूभट्ट्या गेल्या आणि मग पाणी आलं, आणि गाव सुधारलं यात शंका नाही. पण दारुड्याला खांबाला बांधून पट्ट्यानं फोडायची तिथली रीत मला कधीच पटली नाही. गावानं गावातल्याच माणसाला मारायचं ठरवलं की उद्या मार कुणाला बसेल, हे ठरवणारेही बलवानच असतात. तुमच्या समितीतली पोरं काठ्या घेऊन गस्त घालणार आहेत म्हणतोस, म्हणून आधीच सांगतो. काठी कुत्र्यासाठी ठेवा. अनोळखी माणूस दिसला तर नाव-गाव विचारा, फोन करा, ठाण्याची गाडी येईपर्यंत थांबवून ठेवा. हात उचलायचा नाही. जमावानं चोर समजून मारलेला माणूस चोर निघाला तरी ती हत्याच असते.

आता आपल्या सौंसर तालुक्यातल्या बोरगावकडे येतो. तुझ्या निरोपात मला खटकलं ते हे: ‘आपल्याकडे इंडस्ट्रियल एरिया आहे, विकास तर झालाच आहे, तरी चोऱ्या का?’ औद्योगिक केंद्र विकास निगमनं इथं जमिनी घेतल्या, रस्ते आखले, १९९१ मध्ये रेमंडचा कापडाचा कारखाना आला, मग इतर आले. नागपूर तास-दीड तासावर. लोकांना वाटलं, आता घरटी एक नोकरी. काहींना लागलीही, आणि ती घरं आज बघ, मुली इंजिनिअर झाल्या. पण जमीन गेली त्यांच्या हाती एकगठ्ठा पैसा आला, आणि एकगठ्ठा पैसा हाताळायची सवय आपल्या कुठल्याच घराला नव्हती. काहींनी सौंसरला प्लॉट घेतला, काहींनी जीप घेतली, काहींनी तो ढाब्यावर संपवला. पैसा संपला तेव्हा वावरही नव्हतं.

कारखाना आला की गुन्हा कमी होतो, असा कुठेच नियम नाही. उलट एकदम माणसं वाढली, एकमेकांना कुणी ओळखेना, रोख पैसा फिरू लागला, की काही काळ तो वाढतोच. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोळशा-तेलाच्या गावांबद्दल १९७० च्या दशकात समाजशास्त्रज्ञांनी हीच भीती लिहून ठेवली. आपल्याकडे गुन्हा कसा बदलला, ते मी पाहिलंय. आधी कडब्याची गंजी पेटवायची, बांधावरचं झाड तोडायचं, ढोरं उभ्या पिकात सोडायची, असली वैराची कामं व्हायची. नंतर उभ्या ट्रकमधलं डिझेल, सळ्या, पगाराच्या दिवशीची मारामारी. गुन्हा शेतातून सडकेवर आला.

दोष कारखान्याचा म्हणून मी सोडून देणार नाही. कारखान्याच्या दारात आणि गावाच्या वेशीत जो ठेकेदार उभा असतो, त्याच्याकडे बघ. वर्षानुवर्षं ‘हेल्पर’ म्हणूनच ठेवलेली पोरं, कधी काम कधी घरी, हातात कागद नाही. तूही ठेक्यावरच आहेस, तुला मी काय सांगू? अशा पोराला गावात पत नाही आणि कारखान्यात नाव नाही. त्याला कुणी म्हटलं की अमक्याची केबल कोणत्या दिवशी मोकळी असते एवढंच सांग, चार पैसे देतो, तर तो भुलू शकतो. सगळे भुलत नाहीत. भुलतो तो एखादाच, पण गावाची झोप घालवायला एखादाच पुरतो. म्हणून समितीनं कॅमेऱ्याबरोबर दुसरा एक अर्जही करावा: पंचक्रोशीतल्या पोरांना आयटीआयचं वेल्डिंग, फिटर, इलेक्ट्रिशियनचं शिक्षण मिळालं, तर इथल्या कंपन्या किती जणांना सरळ कामावर घेतील, हे लेखी विचारा. पाच वर्षांचा आकडा मागा. कॅमेऱ्याचं उद्घाटन करायला येणाऱ्या पाहुण्यांसमोरच मागा.

आणि त्या खोल्यांत राहणारी बाहेरची पोरं, बिहारची, बालाघाटची, उत्तर प्रदेशची, त्यांच्याबद्दल ‘व्हेरिफिकेशन’ एवढा एकच शब्द तुमच्याकडे आहे. घरमालकानं ठाण्यात माहिती द्यावी, ते बरोबरच. पण त्यांच्यातला एक जण समितीत घ्या. त्यांना पोळ्याला बोलवा. रात्रपाळी संपवून पहाटे परतणाऱ्या माणसाइतका चांगला पहारेकरी गावाला फुकट मिळत नाही, आणि आपण त्याच्याचकडे संशयानं बघतो.

आता चोरीच्या पलीकडे बघू. गावातल्या खुनांपैकी किती खून चोरीसाठी होतात? मी पाहिलेले बहुतेक धुऱ्यावरून झाले. दोन भावांत वावर वाटलं, मोजणी झाली नाही, एकानं नांगराचं एक तास पुढं सरकवलं, दुसऱ्यानं शिवी दिली, आणि पंधरा वर्षांनी कुऱ्हाड. पांदण अडवली, विहिरीतलं पाणी दिलं नाही, मोटार चालवायची पाळी चुकली. हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रात आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावानं समिती नेमायची, जुने तंटे बसून मिटवायचे, आणि यशस्वी गावाला लोकसंख्येप्रमाणं लाखांमधलं बक्षीस, ते गावाच्याच कामाला लावायचं. नरखेड-सावनेरच्या पाव्हण्यांकडून आपण ते ऐकत होतो. मोजणीची फी भरून धुरा पक्का करणं हे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा मोठं गुन्हे-प्रतिबंधक काम आहे, असं माझं मत त्या वेळी झालं, ते अजून तसंच आहे.

मात्र बक्षिसाचा मोह वाईट. ‘गाव तंटामुक्त दाखवायचंय, तू कशाला तक्रार करतेस’ असं मार खाल्लेल्या सुनेला सांगितलं गेलं, तर तो तंटा मिटला नाही, दाबला. नवऱ्याचा मार, पोरीची छेड, जातीवरून झालेला अत्याचार, या गोष्टी ओट्यावर मिटवायच्या नसतात. त्या ठाण्यातच गेल्या पाहिजेत. आपल्या मध्य प्रदेशानं नोव्हेंबर २०२२ मध्ये पेसा कायद्याचे नियम लागू केले, त्यात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला ‘शांती आणि विवाद निवारण समिती’ दिली आहे, आणि दारूच्या नव्या दुकानाबद्दल बोलायचा हक्कही. सौंसर-पांढुर्णा भागातली बरीच गावं त्यात येतात. तुमचं गाव येतं का, ते पटवाऱ्याला विचारून घ्या. हक्क असून वापरला जात नाही, असं आपल्याकडे फार.

दारूचं बोलायचं तर ते बायकांच्या हाती द्या. १ एप्रिल २०२३ पासून राज्यानं दुकानाशेजारचे पिण्याचे अहाते बंद केले. चांगलं केलं. पण पिणारे आता बगीच्यात बसतात, आणि म्हणूनच तुझ्या नाल्याकाठी पाऊच सापडतात. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडली की दुकान बंद होतं. आपल्याकडे आजीविका मिशनचे बचत गट गावोगाव आहेत. गटातल्या बायकांना कुणाच्या घरात किती पैसा येतो आणि कुठून येतो, हे समितीच्या सगळ्या पोरांपेक्षा जास्त ठाऊक असतं. तुमच्या समितीत किती बायका आहेत? निरोपात एकीचंही नाव ऐकलं नाही.

गोटमारीचं बघ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकांवर दगड मारतात, शेकड्यांनी जखमी होतात, माणसं मेली आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि पुन्हा दगड उचलले. वरून आलेला हुकूम, गावाच्या मनात नसेल, तर तो असाच वाहून जातो. तुमची समिती ठाण्यानं सांगितली म्हणून झाली असेल तर तिचंही तेच होईल.

एक चोरी मात्र गावात कुणी चोरी म्हणतच नाही. व्यापारी झाडावरचा संत्रा बघून बगीचा ठरवतो, थोडा बयाणा देतो, मग भाव पडला की येत नाही, किंवा अर्धा माल तोडून नेतो आणि फोन उचलत नाही. केबल गेली तर आपण ठाण्यात जातो. लाखांचा बगीचा बुडाला तर ‘नशीब’ म्हणतो. सौदा कागदावर करा, दोन साक्षीदार घ्या, शक्य असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी करून एकत्र विका. आणि आता मोबाइलवर ‘केवायसी’ म्हणून फोन येतात आणि म्हाताऱ्यांची पेन्शन जाते. पैसे गेल्याबरोबर १९३० वर फोन लावायचा, दुसऱ्या दिवशी नाही. हा नंबर पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. खर्च एका डब्याचा.

तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत ग्रामरक्षणावर अध्याय लिहिला, तसेच गरिबी-श्रीमंतीवर आणि श्रमसंपत्तीवरही लिहिले. आपल्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना अजून काही गावांत संध्याकाळी होते. प्रार्थनेला जा की नको, ते तुझं तू बघ. पण पूर्वी त्या निमित्तानं रोज संध्याकाळी सगळं गाव एकमेकांना दिसायचं. कुणाचा पोरगा दिसला नाही, हेही दिसायचं. आणि कोटवाराला विसरू नका. भू-राजस्व संहितेत त्याचं पद आहे, गावात कोण आलं-गेलं हे ठाण्याला कळवणं हे त्याचंच काम. आपण त्याला दवंडी पिटायला आणि साहेबांच्या खुर्च्या उचलायला ठेवलंय. त्याला समितीत मानानं पुढं बसवा.

वर्गणी मी माझ्या वाट्याची पाठवतो, तुझ्या काकांच्या हाती. दोन अटी. हिशेब पंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे, आणि गावाबाहेरच्या पालांवर जाऊन आधी तुम्ही चौघांनी विचारून यायचं, की तुमची किती मुलं शाळेत जात नाहीत आणि नाव घालायला कोणता कागद अडतो. ग्रामसभा २ ऑक्टोबरला असते. भंगारवाल्यांची वही, धुऱ्यांची मोजणी, आयटीआयचा अर्ज आणि समितीत बायका, हे चार विषय आठ दिवस आधी सचिवाकडे लेखी दे आणि पोच घे. त्या दिवशी कंपनीला सुट्टी असते. नागपूरला सिनेमाला येऊ नकोस, सभेला बस.

तुझा,
आबाजी